पंच्याऐंशी हजारांचं ट्रेनिंग

लय दिवस झाले इथं काही लिहिलं नाही, कारण संक्रांतीपासून घरात एकच विषय चालू होता, आता जरा डोकं मोकळं झालंय म्हणून सगळं एकदा लिहून काढतो. गेवराई तालुक्यात आमच्या गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, सातबारा, पीकविमा, आधार, आणि सगळ्यात जास्त आरटीओची कामं. सारथी पोर्टलवर लायसनचे फॉर्म भरून भरून असं झालंय की आमच्या भागातला कोणता पोरगा कुठल्या गाडीवर आहे हे मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळतं. आमच्याकडं शेतीत काही उरलं नाही की पोरं दोनच गोष्टी करतात, एक तर पुण्याला कंपनीत हेल्पर, नाहीतर गाडीवर ड्रायव्हर. सोलापूर-धुळे हायवे उशाशीच आहे, रात्री घरात झोपलं तरी ट्रेलरचे हॉर्न ऐकू येतात, मग पोराच्या डोक्यात गाडी येणारच.

माझा मावसभाऊ तसाच. दहावी झाली, मग ट्रॅक्टरवर ऊस वाहिला, मग पिकअप चालवली. २०२४ च्या दिवाळीनंतर वाळूजकडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा मेसेज फिरत होता, हेवी लायसन काढून देऊ, ट्रेनिंग फ्री, पगार अठरा हजार, वर भत्ता. त्यानं मला मेसेज दाखवला, मीच म्हणलं जा, चांगलं आहे. हे मी मुद्दाम लिहितोय कारण पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे. हेवी लायसनचा लर्निंगचा फॉर्म माझ्याच कॉम्प्युटरवर भरला, साध्या गाडीचं लायसन एक वर्ष जुनं लागतं ते त्याचं होतंच, वय वीसच्या वर होतं, सरकारी फी त्यानं स्वतःच्या खिशातून दिली आणि पावती माझ्याकडं पडून राहिली. ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म पाच सर्टिफिकेट लागतं, त्याचे पैसे तेवढे ट्रान्सपोर्टवाल्यानं स्कूलला परस्पर पाठवले. बीडला ट्रायल झाली, लायसन आलं, आणि जानेवारी २०२५ मधे पोरगं गाडीवर गेलं.

मग या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, मावशी माझ्या दुकानात आली. हातात वकिलाचं पाकीट. तिला वाचता येत नाही पण पाकिटावरचा शिक्का बघूनच तिनं ओळखलं होतं की हे चांगलं नाही, आणि तिनं ते पोराला न दाखवता आधी माझ्याकडं आणलं होतं.

"बघ रे बाबा काय म्हणायलेत. पोराला धरून न्यायलेत का काय?"

मी वाचलं. इंग्रजीत होतं, चार पानं. एकूण मागणी १ लाख ४२ हजार. त्यात ट्रेनिंगचा खर्च ८५ हजार, टायर १४ हजार, डिझेल शॉर्टेज साडेअकरा हजार, नोटीस न देता काम सोडलं म्हणून एक महिन्याचा पगार १८ हजार आणि व्याज साडेतेरा हजार. पंधरा दिवसात भरा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवाई करू.

आकडा सांगितल्यावर मावशी खाली बसली. मग पाच मिनिटं काही बोलली नाही, आणि मग कानाला हात लावून म्हणाली, फुलं मोडली तर किती येतील रे. मला खरं सांगतो, त्या क्षणाला त्या मालकाचा जेवढा राग आला त्याच्यापेक्षा जास्त भीती या गोष्टीची वाटली की ही बाई उद्या सकाळी सोनाराकडं जाईल. कारण आमच्या घरात देणं म्हणजे काय हे मला माहिती आहे. माझे आबा आणि मावशीचा नवरा, दोघांनी आयुष्यभर कोयता घेतला. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने कारखान्यावर ऊस तोडायचा, आणि परत येताना मुकादम वही उघडून सांगणार की बाकी फिटली नाही, पुढच्या सालात फिरवू. ती वही आबांनी कधी हातात घेऊन बघितली नाही. मुकादम वाचणार, आपण मान हलवायची. आणि तरी आबा अभिमानानं सांगायचे की मी कुणाचं बुडवलं नाही. मावशी त्याच घरात वाढलेली. तिच्यासाठी देणं खरं का खोटं हा प्रश्नच नव्हता, कागदावर लिहून आलं म्हणजे ते देणंच.

संध्याकाळी पोराला बोलवून घेतला. तो तेव्हा कामाशिवाय घरीच होता, डिसेंबरच्या सुरुवातीला गाडी सोडून आला होता, आम्हाला एवढंच सांगितलं होतं की मालकाशी जमलं नाही. नोटीस त्याच्यापुढं ठेवली तर त्याचा चेहरा पडला पण आश्चर्य काही दिसलं नाही. म्हणजे त्याला माहीत होतं.

"कामून सांगितलं नाहीस?"

"काय सांगू दादा. आईच्या, आबाच्या जीवाला घोर. मला वाटलं दुसरी गाडी धरून हळूहळू फेडून टाकावं."

मग त्यानं सगळं सांगितलं. जॉइन होताना पाचशेच्या स्टॅम्पवर सही घेतली होती, तीन वर्षं काम सोडायचं नाही, सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरायचा. खर्च किती ती जागा तेव्हा कोरी होती. त्याच्या कॉपीची मागणी केली तर मुनशी, म्हणजे ऑफिसातला हिशोबनीस, म्हणाला देतो नंतर. दोन कोरे चेक सही करून घेतले. आणि ओरिजिनल लायसन ऑफिसात जमा, त्याला नुसती झेरॉक्स. अकरा महिने काम केलं, वाळूज आणि शेंद्र्यातून न्हावाशेवा बंदर, न्हावाशेवातून परत. शेवटचे दोन महिने पगार दिला नाही, छत्तीस हजार. विचारलं की टायरचे कापलेत, डिझेलचे कापलेत. चौथ्या-पाचव्या वेळेला विचारल्यावर मुनशीनं व्हॉइस मेसेज टाकला की जास्त बोलतोय तर पगार अडकवा त्याचा, बघू कुठं जातो. तो मेसेज चुकून ड्रायव्हरांच्या ग्रुपवरच पडला. दुसऱ्या दिवशी यानं गाडी यार्डात लावली, चावी टेबलावर ठेवली, गाडीचे चारी बाजूनं फोटो काढले, डिझेलचा काटा, किलोमीटर, सगळं, आणि एसटीनं घरी आला.

आता ट्रेनिंगचं सांगतो, कारण सगळा वाद त्याच्यावर आहे. मी पहिल्यांदा असं गृहीत धरलं होतं की ट्रेनिंग बिनिंग काही झालंच नसंल. तर तसं नाही. ट्रेनिंग झालं आणि चांगलं झालं. त्याला एका परभणीकडच्या म्हाताऱ्या वस्तादाच्या गाडीवर बसवलं होतं दोन महिने. त्या दोन महिन्यात पगार नाही, नुसता दोनशे रुपये रोज भत्ता. त्या माणसानं याला काय काय शिकवलं ते सांगताना पोराचा आवाज बदलत होता. खंडाळ्याच्या घाटात भरलेला कंटेनर घेऊन उतरताना ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, ब्रेक तापला की गाडी तुझी राहत नाही. रात्री तीन ते पाच डोळ्यावर विश्वास ठेवू नको. ट्रेलरचा मागचा भाग वळणात आत कापतो ते आरशात बघून नाही, पोटात कळलं पाहिजे. आठ दिवस बाजूच्या सीटवर बसला आणि नवव्या दिवशी वस्तादानं स्टिअरिंग दिलं, स्वतः मागं झोपला, कारण तो माणूस दोन रात्री झोपला नव्हता. तिथून पुढं पोरगंच गाडी चालवत होतं.

हे नोटिशीत कुठंच नाही. नोटिशीत साठ दिवसांचं व्यावसायिक प्रशिक्षण. शिकवलं कुणी तर वस्तादानं, आणि त्या वस्तादाला शिकवण्याचा एक रुपया जास्तीचा मिळाला नाही. मालकाला मिळाला काय, तर दोन महिने दोनशे रुपये रोजावर दुसरा ड्रायव्हर, म्हणजे गाडी थांबायची ती थांबली नाही. आणि त्याचंच बिल पंच्याऐंशी हजार. मी रात्रभर हाच विचार करत होतो.

पोराकडं एक छोटी डायरी आहे, खिशात मावंल एवढी, रबर लावलेली. वरच्या पानाला हळद की तेल काहीतरी लागलेलं, ढाब्यावर जेवताना लिहायची सवय. प्रत्येक ट्रिपची तारीख, कंटेनर नंबरचे शेवटचे चार आकडे, किती लिटर डिझेल, कुठल्या पंपावर, निघताना किलोमीटर, पोचल्यावर किलोमीटर. पंपाच्या चिठ्ठ्या स्टेपल केलेल्या, ऊन लागून निम्म्या पुसट झालेल्या. आम्ही दोघं त्या रात्री दीड वाजेपर्यंत जमिनीवर बसून ती डायरी, त्याचा फोनपेचा स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपवर मुनशीला पाठवलेले पीओडीचे, म्हणजे माल पोचल्याच्या सहीच्या पावत्यांचे, फोटो एकाखाली एक लावत बसलो. आणि तिथं सापडलं. कामावर लागल्याच्या नवव्या दिवसाची पीओडी, माल उतरवून घेतल्याच्या सहीखाली ड्रायव्हर म्हणून याची सही, याचं नाव, मोबाइल नंबर. ज्या साठ दिवसांचा ट्रेनिंगचा खर्च मागतायत त्यातल्या बावन्न दिवसात हा पोरगा कागदोपत्री गाडीचा ड्रायव्हर होता. अशा सतरा पीओडी निघाल्या.

सकाळी मी त्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन लावला. आमच्या धंद्यात ओळख असतेच. किती फी आली होती? बारा हजार. सरकारी फीची पावती माझ्याकडं होतीच, ती पोरानंच भरलेली. मग बाकीचे त्र्याहत्तर हजार कशाचे?

तिसऱ्या दिवशी बीडला जिल्हा कोर्टात गेलो, विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात. हे लोकांना माहीतच नसतं म्हणून लिहितो, तिथं वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, कामगाराला, कमी उत्पन्नवाल्याला. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, आणि फोनवर विचारायचं असंल तर १५१०० नंबर आहे. आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या, तरुण, बोलायला सरळ. त्यांनी चारही पानं वाचली आणि पहिला प्रश्न विचारला की चेक लागलाय का बँकेत? मी म्हणलं नाही. मग म्हणाल्या, ही साधी नोटीस आहे, कोर्टाचा हुकूम नाही, पोलिसाचं वॉरंट तर नाहीच नाही, पण उत्तर द्यायचं, गप बसायचं नाही.

त्यांनी समजावलं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. बॉण्ड, म्हणजे तो स्टॅम्पवरचा करार, लिहून दिला म्हणजे तो फाडून टाकण्यासारखा रद्दी कागद नसतो, काही लोक यूट्यूबवर तसं सांगतात ते चुकीचं आहे. मे २०२५ मधेच सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या केसमधे तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायची अट वैध धरली. पण ती बँक होती, भरतीची मोठी प्रक्रिया, पगार मोठा, अट आधीपासून छापील. आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं आहे की करारात आकडा कितीही लिहिलेला असला तरी कोर्ट त्याच्या आत राहून वाजवी असंल तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही. म्हणजे मालकाला सांगावं लागंल की बाबा एवढा खर्च कसा झाला. इथं तर आकड्याची जागाच कोरी होती.

पगाराचं वेगळं. पगारातून काय काय कापता येतं त्याची कायद्यात यादीच आहे, पगाराच्या १९३६ च्या जुन्या कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली तिच्यातही आहे. मनाला येईल ते कापता येत नाही. नुकसानीचं कापायचं तर ते ड्रायव्हरच्याच हलगर्जीपणानं झालं पाहिजे आणि कापायच्या आधी त्याला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आमचा टायर फुटला मे महिन्यात, समृद्धीवर, इगतपुरीच्या अलीकडं, दुपारी दोन वाजता, आणि तो टायर रिमोल्ड होता, म्हणजे जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेला, रबर सोलून पट्ट्यासारखं रस्त्यावर पडलेलं त्याचा फोटो आहे. रिमोल्ड टायर टाकणार मालक, मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर भर दुपारी गाडी पळवायला सांगणार मालक, आणि पैसे पोराचे. आणि नवीन संहितेत असं आहे की माणसानं काम सोडलं की त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसात द्यायचा. यांनी महिना दीड महिना झाला तरी दमडी दिली नव्हती, उलट नोटीस पाठवली.

चेकचं मात्र वकीलबाईंनी गंभीरपणे सांगितलं आणि मीही तसंच सांगतो. सही केलेला कोरा चेक देणं ही लय मोठी चूक आहे. आकडा त्यांनी भरला तरी सही आपली, म्हणून कोर्ट आधी असंच धरून चालतं की चेक देण्यासाठीच दिला होता, नव्हता हे आपण दाखवायचं. बँकेत स्टॉप पेमेंट सांगितलं तरी चेक बाउन्सची केस टळतंच असं नाही. चेक परत गेला की तीस दिवसात त्यांची नोटीस येते, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे भरायला मिळतात, त्यानंतर ते एका महिन्यात कोर्टात जाऊ शकतात. म्हणून चेक लागायच्या आधीच लेखी कळवून ठेवायचं की हे चेक कामावर घेताना कोरे घेतलेत, कुठलंही देणं कबूल नाही, परत करा. आम्ही तेच केलं, चेक नंबर टाकून. नंबर कुठून मिळाले, तर त्याच डायरीच्या शेवटच्या पानावर पोरानं लिहून ठेवले होते. दहावी पास पोरगं, पण हे सुचलं त्याला.

लायसनचं मला स्वतःला माहीत होतं. ट्रान्सपोर्टवाल्याला कुणाचं लायसन ठेवून घ्यायचा अधिकार नाही. माझ्याकडं अशी बरीच पोरं येतात, म्हणतात दादा, मालक लायसन देईना, हरवलं म्हणून डुप्लिकेट काढून द्या. मी काढून देत नाही. कारण हरवल्याचं खोटं लिहून द्यावं लागतं, आणि उद्या मालकानं ओरिजिनल दाखवलं की खोटं बोलणारा आपला पोरगा ठरतो. डिजिलॉकरमधलं लायसन रस्त्यावर पोलिसाला, आरटीओला चालतं, ते मी लगेच त्याच्या फोनमधे काढून दिलं. पण अडचण पोलिसाची नाहीच. अडचण अशी की दुसरा मालकही ओरिजिनल मागतो, जमा करून घ्यायला, आणि ते नाही म्हणलं की त्याला कळतं की आधीच्याकडं काहीतरी अडकलंय.

आणि मग जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतं. नोटिशीला उत्तर जायच्या आधीच ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर पोराचा फोटो पडला. आधार कार्डवरचा फोटो, खाली लिहिलेलं की हा ड्रायव्हर पैसे बुडवून पळाला आहे, कुणी गाडीवर ठेवू नये, शेअर करा. जालन्याला सळईच्या गाडीवर त्याचं काम ठरलं होतं, त्या मालकानं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की राहू दे. गावात कुणीतरी तो फोटो मावशीच्या दिराला दाखवला. त्या दिवसानंतर पोरगं पंधरा दिवस गावात पारावर बसलं नाही, दाढी केली नाही, सकाळी अंधारात शेतात जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. पळाला हा शब्द त्याला लागला होता. म्हणायचा, मी गाडी लावून चावी देऊन आलो दादा, पळालो कुठं?

मला वाटतं या सगळ्या धंद्याचं खरं शस्त्र हेच आहे. कोर्टात जाऊन पंच्याऐंशी हजार सिद्ध करणं त्यांना जड जाईल हे त्यांनाही माहिती आहे. पण ड्रायव्हरचा फोटो फिरवला, लायसन दाबून ठेवलं, दोन चेकची भीती दाखवली की निम्मी पोरं गुपचूप परत गाडीवर येऊन बसतात आणि उरलेल्या निम्म्यांच्या आया दागिने मोडतात. उचल आणि हे यात मला फरक दिसत नाही. उचलीत निदान हातात पैसे तरी मिळतात, लग्न होतं, घरावर पत्रे पडतात. इथं हातात काहीच न घेता पोरगं कर्जबाजारी. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे, त्यात आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडं काम करायचं स्वातंत्र्य जाणं हेसुद्धा धरलंय. आमच्या केसमधे तो लागू होतो असं मी म्हणत नाही, वकीलबाईंनीही तसं सांगितलं नाही, पण तो मजकूर वाचताना मला आबा आणि हा पोरगा दोघं एका रांगेत उभे दिसले.

मी शोधत बसलो तेव्हा कळलं की अमेरिकेत तर हा वाद फार जुना आणि मोठा आहे. तिकडंही ट्रक कंपन्या लायसनचं ट्रेनिंग देतात, करार करून घेतात आणि आधी सोडलं की हजारो डॉलर मागतात, वसुलीवाले मागं लागतात. सीआरएसटी नावाच्या एका मोठ्या ट्रक कंपनीवर ड्रायव्हरांनी मिळून केस केली तेव्हा कंपनीला सव्वा कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आणि कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२६ पासूनच्या नवीन करारात असं काम सोडलं तर खर्च भर म्हणायलाच बहुतेक ठिकाणी बंदी आणलीय. तिकडचा कायदा इकडं कामाचा नाही. पण पोराला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा नीट बसून ऐकत होता. म्हणाला, तिकडल्या ड्रायव्हरलाबी हेच?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचं उत्तर गेलं, स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. दोन पानं, मराठीत, वकीलबाईंनी मुद्दाम मराठीत लिहिलं. भांडण नाही, नुसता हिशोब मागितला. बॉण्डची कॉपी द्या. पंच्याऐंशी हजार कुणाला, कधी, कशासाठी दिले त्याच्या पावत्या द्या. ट्रेनिंग म्हणता त्या बावन्न दिवसातल्या या सतरा पीओडी, यात ड्रायव्हर कोण ते सांगा. डिझेल शॉर्टेज कुठल्या ट्रिपचं ते लिहा, सोबत आमच्या डायरीची पानं जोडलीत. छत्तीस हजार पगार द्या. लायसन आणि चेक परत करा. ग्रुपवरचा फोटो काढा आणि तिथंच तसं लिहा. आणि शेवटी एक गोष्ट आम्ही स्वतःहून लिहिली, त्यावर माझा आणि पोराचा वाद झाला होता. स्कूलची बारा हजार फी तुम्ही भरलीत ती आम्हाला मान्य आहे, पूर्ण बारा हजार, अकरा महिने काम केलं त्याची वजावट न धरता, ती आमच्या छत्तीस हजारातून वळती करा आणि चोवीस हजार द्या.

पोरगं म्हणत होतं की त्यांना एक रुपया कामून द्यायचा. हे लिहायचा आग्रह माझा होता, आणि खरं तर मावशीसाठी होता. मी तिला उत्तर वाचून दाखवलं, एकेक ओळ सोप्या भाषेत. बारा हजाराच्या ओळीवर आली तेव्हा तिनं मला थांबवलं. म्हणाली, म्हणजे जेवढं घेतलं तेवढं आपण दिलं? मी म्हणलं हाव, सगळं दिलं. आणि त्यांच्याकडं आपले चोवीस राहिले? हाव. मग ती उठली आणि चहा टाकायला गेली. फुलांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

उत्तराला उत्तर आलं नाही. फोन आला मुनशीचा. आधी म्हणाला साठ हजार देऊन टाका, मिटवू. पोरगं म्हणालं पावती पाठवा. चार दिवसांनी चाळीस. पावती पाठवा. मग वीस, आणि आवाजही बदललेला, अरे तू आपलाच माणूस आहेस, वगैरे. पावती पाठवा. एकच वाक्य, मी त्याला शिकवलं नव्हतं, त्यानंच धरून ठेवलं. आम्ही त्या वस्तादालाही भेटलो होतो, पंपावर गाडी लावून तो अर्धा तास बसला आमच्यासोबत. लेखी देऊ शकत नाही म्हणाला, माझं अजून दीड वर्ष राहिलंय, पोरीचं लग्न आहे. जाताना त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, घाटात चांगला उतरवतो हा, कुणी विचारलं तर एवढं तोंडी सांगतो मी. आम्ही पुढं काही मागितलं नाही.

मार्चमधे कामगार कार्यालयात पगाराचा अर्ज टाकला. त्याची तारीख पडली त्याच्या आठ दिवसांनी कुरिअर आलं. साधं खाकी पाकीट, आत लायसन आणि एक चेक. चिठ्ठी नाही, काही नाही. दुसरा चेक अजून त्यांच्याकडंच आहे, आणि म्हणून मी दर पंधरा दिवसांनी पोराचं पासबुक भरून बघतो. चोवीस हजार अजून आलेले नाहीत, अर्ज चालू आहे. ग्रुपवरचा फोटो काढला म्हणतात, पण फोटो एकदा फिरला की कुठं कुठं पडून राहतो कुणाला माहीत.

लायसन आलं त्या दिवशी मावशीनं ते पदरानं पुसलं, उलटंसुलटं करून बघितलं, त्यावरचा पोराचा फोटो बघून म्हणाली लयच बारीक दिसायलाय, आणि रेशन कार्डाच्या डब्यात ठेवलं.

परवा रात्री अकराला फोन आला त्याचा, पाडळशिंगीच्या टोलनाक्यावरून. जालन्याच्याच एका सळईच्या गाडीवर लागलाय, आधीचा तो मालक नाही, दुसरा. मागं टोलवरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"दादा, यानंबी ओरिजिनल मागितलं होतं."

"मग?"

"मी म्हणलं झेरॉक्स घ्या, ओरिजिनल आईकडं आहे. बघत बसला जरा वेळ. मग म्हणला बरं, दे झेरॉक्स." थोडं थांबून म्हणाला, "चल, ठेवतो, माझा नंबर आला. सकाळी सोलापूरला खाली करायचंय."